ऐरोलीची रोहित सफर : रविवार नको, तिथी बघा

पाचपैकी चार. उरलेला एक गुण बोटीवरच्या इतर प्रवाशांनी घालवला, तो केंद्राच्या खात्यावर मांडू नये.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यातल्या बोटीच्या फेरीबद्दल लिहितोय. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटते, ती. फेरी साधारण तासाभराची, नोंदणी ऑनलाइन. दर इथे लिहीत नाही, कारण पुढच्या हंगामात ते बदललेले असतील आणि कुणीतरी माझ्या नावाने खडे फोडेल. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. उभं आयुष्य टॉवर लाइनवर गेलं. पक्ष्यांतलं मला फार कळतं असा दावा नाही, पण वर बघत चालायची सवय आहे आणि खाडीचं पाणी लहानपणापासून ओळखीचं आहे. बरोबर आमची मंडळी आणि चौथीतली नात.

आधी मुद्द्याचं. या फेरीत तुम्हाला काय दिसणार हे बोट, गाईड, कॅमेरा यांतलं काहीच ठरवत नाही. ते भरती-ओहोटी ठरवते. लोक कॅलेंडरमध्ये लाल रंगाचा वार शोधतात, त्या दिवशीची मिळेल ती वेळ पकडतात आणि परत आल्यावर ‘पक्षी फार लांब होते’ म्हणून तक्रार करतात. रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, चिखलावर चरतो. भरती पुरी चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि थवे उठून खाडीबाहेरच्या पाणथळ जागांवर जातात. भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडे, नेरूळच्या तळ्यांवर, टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या शिक्षणाच्या संस्थेच्या मागे असे ते जाऊन उभे राहतात. उलट ओहोटी पुरी लागली की चिखल मैलभर उघडा पडतो, बोटीला मधल्या खोल पाण्यातच राहावं लागतं आणि पक्षी पार लांब, गुलाबी रेघ दिसावी तसे. म्हणजे मधली वेळ हवी. पाणी उतरायला लागलंय, चिखलाची पहिली पट्टी वर आलीय, आणि भुकेले थवे तिच्यावर उतरतायत, ती वेळ.

ही वेळ काढायला कुठलंही ॲप लागत नाही. माझं आजोळ रेवदंड्याचं. तिथे लहान पोरांनाही हा हिशोब तोंडपाठ असतो : तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायला लागायचं. दिवसातून दोन भरत्या, त्यामुळे सकाळचे सहा तसेच संध्याकाळचेही साधारण सहा. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीला सहा तासांहून किंचित जास्त. हिशोब ढोबळ आहे, आणि ठाण्याची खाडी आत बरीच लांब शिरलेली असल्याने वरच्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोचतं, हेही धरा. पण फेरीचा दिवस निवडायला एवढं पुरतं. दुसरं म्हणजे उधाणाचे दिवस आणि भांगेचे दिवस वेगळे. पुनव-अवसेच्या आसपास पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या आसपास दोन्ही बेताचं. केंद्रही फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणेच लावतं, म्हणून त्या रोज बदलतात. उपलब्ध वेळा समोर ठेवा, शेजारी कालनिर्णय ठेवा, आणि भरतीनंतर तास-दीड तासात सुटणारी फेरी घ्या.

आम्ही माघ वद्य एकादशी धरली. अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठ. बोट नऊच्या सुमाराला. मंडळींचा उपास, त्यामुळे डब्यात शेंगदाण्याचे लाडू आणि केळी. नातीला तेही चाललं.

जायचं कसं? ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी, फलाट नऊ-दहा. मध्ये आता दिघा गाव स्टेशन झालंय, त्यापुढचं ऐरोली. तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला नुसतं ‘दिवा जेट्टी’ सांगितलंत तर तो बरोबर नेईल. घरच्यांना फोनवर नुसतं ‘दिव्याला चाललोय’ सांगितलंत तर ते तुम्हाला दिवा जंक्शनला शोधत बसतील. दिवा गाव ऐरोलीतलाच, खाडीकाठचा जुना कोळीवाडा.

केंद्रात खाडीतल्या जीवांची ओळख करून देणारं दालन आहे. बोटीआधी वीस मिनिटं तिथे घालवावीत, त्याहून जास्त गरज नाही. खरी गंमत बाहेर कांदळवनात. तिवराचं पान उलटं करून नातीने जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. शोषलेलं मीठ हे झाड पानावाटे बाहेर टाकतं, त्याचे कण हाताला लागतात. खाली चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी श्वसनमुळं. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत होत्या. निवटी म्हणजे मासा, पण चिखलावर कल्ल्याजवळच्या परांनी सरपटतो. आजोळी तिचं कालवण खाल्लेलं असल्याने माझं तिच्याकडे बघणं नातीइतकं निरागस नव्हतं. कांदळाची कमानदार मुळं, काजळा, काट्यांच्या पानांची मारंडी, असं बघत जाता येतं. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. असा वृक्ष ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं.

आता वासाबद्दल, कारण लोक त्यावर गुण कापतात. वास येतो. ओहोटीला जास्त येतो. थोडा चिखलाचा स्वतःचा, गंधकाचा असतो, तो कुठल्याही खाडीला असतो. बाकीचा आपल्या शहरांचा. गाईड ताईंनी इथे एक गोष्ट सांगितली ती पचायला जड आहे. खाडीत येणाऱ्या सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजतं, लहान रोहिताचं मुख्य अन्न तेच सूक्ष्म शेवाळ, आणि थवे इथे वाढण्यामागे हे एक मोठं कारण असल्याचं अभ्यासक मानतात. रोहित मुंबईच्या बाजूला दिसायला लागले ते १९९०च्या दशकात, शिवडीच्या चिखलावर. आज चांगल्या वर्षी लाखाच्या वर भरतात. म्हणजे नाकाला रुमाल लावून आपण जे बघायला येतो, ते त्या वासाच्या कारणानेच आलेलं आहे. याचा अर्थ खाडी घाण राहावी असा कुणी काढू नये. शेवाळाला सांडपाणी चालेल, कारखान्याचं रसायन नाही चालणार.

बोट निघाली. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावलं, मलाही, पोटावरचा पट्टा पुरेना तरी. चालवणारे दादा इथल्याच कोळीवाड्यातले. पाण्याकडे न बघता बोट कुठे उथळात लागेल हे सांगत होते, आणि पक्षी दिसले की इंजिनाचा आवाज उतरवत होते. या एका गोष्टीसाठी मी त्यांना वेगळा गुण दिला असता. मागे दुसरीकडे एका खासगी आयोजकाबरोबर आम्ही असेच पक्षी बघायला गेलो होतो. नाव लिहीत नाही, पण तिथे फोटोसाठी बोट सरळ थव्यात घातली. सगळे एकदम उडाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उडायला लागणारी ताकद त्या पक्ष्याने दोन-चार तास चिखल चाळून मिळवलेली असते. इथे तसं काही झालं नाही. बोट अंतरावर थांबते, पक्ष्यांना बोटीची सवय आहे, ते चरत राहतात. ज्यांना ‘जवळून’ हवंय त्यांनी दुर्बीण आणावी.

दुर्बिणीबद्दल दोन शब्द. लाइन पेट्रोलिंगला ती गळ्यात असायचीच, खालून इन्सुलेटरची तडकलेली डिस्क शोधायला. माझी दहा बाय पन्नासची. जमिनीवर उत्तम, पण हलत्या बोटीत दहापट मोठं झालेलं चित्र दहापट हलतं. शेजारच्या तरुणाकडे आठ बाय बेचाळीस होती, ती बोटीसाठी कितीतरी बरी. मोबाइलचा झूम विसरा. त्यात रोहित म्हणजे गुलाबी ठिपका.

आणि मग ते दिसले. ऐरोली पुलाकडून खाली वाशीच्या दिशेला, डाव्या हाताला चिखलाची पट्टी नुकती वर येत होती आणि तिच्यावर थवा. आकडा सांगत नाही, मोजता येणार नाही इतके. सगळे चालत होते, सगळ्यांची डोकी पाण्यात, आणि सगळ्यांचा मिळून एक सततचा गलका. फोटोत हा आवाज नसतो. त्यासाठी तरी यावं.

“आबा, डोकं उलटं करून का खातात?” हा नातीचा प्रश्न. गाईड ताईंनी तिला हाताने करून दाखवलं. चोच मध्ये मोडल्यासारखी वाकलेली. ती उलटी पाण्यात घालायची, जिभेने पाणी आत-बाहेर पंप करायचं, आणि चोचीच्या कडेच्या बारीक पडद्यांमध्ये अन्न अडकतं. पिठाच्या चाळणीचंच काम. रंग त्याच अन्नातून येतो. शेवाळातली रंगद्रव्यं पिसांत उतरतात. पिल्लं करड्या रंगाची असतात आणि गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात, म्हणून थव्यात मळकट पांढरे दिसले तर ते आजारी समजू नका.

दोन जाती एकत्र असतात, ओळखायला सोपं आहे. मोठा रोहित उंच, फिकट, जवळजवळ पांढरा; चोच गुलाबी आणि टोक तेवढं काळं. लहान रोहित उंचीने बराच कमी, अंगाने गडद गुलाबी, आणि चोच लांबून सबंध काळपट-लाल दिसते. इथे लहान रोहित फार जास्त. जगात ही जात संकटाच्या उंबरठ्यावर मानली जाते. अंडी घालायला इथे थांबत नाहीत. ते काम कच्छच्या रणात, चिखलाच्या उंचवट्यांच्या घरट्यांवर. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला कळवणारी यंत्रं बसवली होती, त्यांतले पक्षी गुजरातेत गेलेले कळले.

बाकी पक्षी कमी लेखू नका. आमच्या बोटीवर रोहित दिसल्यावर निम्म्या लोकांनी मोबाइल खिशात घातले, ‘झालं’ म्हणून. त्यानंतर वर वळलेल्या चोचीचा उचाट दिसला, काळा-पांढरा, चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चाललेला. लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे, चित्रबलाक, पांढरे शराटी, पाणटिवळ्यांचा करडा थवा एकदम वळला की पांढरा होणारा. कुरव तर बोटीमागे होतेच. इथेच तो एक गुण गेला. एका गृहस्थांनी कुरवांना टाकायला शेवेचं पाकीट काढलं. वाशी पुलाखाली, ठाण्याला हे रोज चालतं, पुण्य लागतं म्हणे. ताईंनी शांतपणे पाकीट परत ठेवायला लावलं. ते गृहस्थ मग रुसून उरलेला सगळा वेळ फोनवर स्पीकर लावून कुणाशी तरी फ्लॅटच्या व्यवहाराबद्दल बोलत राहिले. खाडीतल्या पक्ष्यांना ऐरोलीचा सध्याचा भाव आता माहीत आहे.

आता माझ्या धंद्यातलं. ते लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

खाडीत टॉवर आहेत. चिखलातून, कांदळवनातून लाइन गेलीय, मोठ्या दाबाची. बोटीवर बरेच जण ‘किती कुरूप’ म्हणाले. म्हणणाऱ्यांच्या घरी तीच वीज येते, ते असो. टॉवरच्या आडव्या हातांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते आणि वरच्या टोकाला घार. नातीने विचारलं, यांना शॉक नाही लागत? नाही लागत. पक्षी एका तारेवर बसला की त्याच्या दोन्ही पायांना एकच दाब, वीज त्याच्यातून जायला वाटच नसते. दोन तारांना किंवा तार आणि टॉवरचं लोखंड यांना एकदम टेकला तर संपला. पण एवढ्या मोठ्या लाइनवर तारांमधलं अंतर इतकं असतं की ते सहसा होत नाही. गावातल्या अकरा केव्हीच्या खांबांवर होतं.

इथे धोका बसणाऱ्याला नाही, उडणाऱ्याला. टॉवरच्या सगळ्यात वर एक बारीक तार असते, अर्थ वायर, वीज पडली तर ती अंगावर घ्यायला. खालच्या वीज वाहणाऱ्या तारांपेक्षा ती बारीक, म्हणून दिसत नाही. मोठा पक्षी खालच्या जाड तारा बघून वर उचलतो आणि नेमका तिला आदळतो. रोहित अंगाने लांब, थव्याने उडणारा, आणि बऱ्याचदा रात्री किंवा झुंजुमुंजूला जागा बदलणारा, कारण त्याला घड्याळ भरतीचं. तो ऐन वेळी घारीसारखा गिरकी घेऊ शकत नाही. उपाय महाग नाही. त्या तारेला ठरावीक अंतरावर फिरणाऱ्या, चमकणाऱ्या चकत्या अडकवतात, त्यांनी तार दिसते. विमानांसाठी लावलेले नारिंगी-पांढरे गोळे लोकांना माहीत असतात, त्याच जातीचं काम, फक्त पक्ष्यासाठी. पुढच्या वेळी बोटीवर असाल तेव्हा टॉवरच्या अगदी वरच्या तारेकडे बघा, तिच्यावर काही लटकतंय का. आणि तारांइतकंच आभाळातलं लक्षात ठेवा : मे २०२४ मध्ये मुंबईला उतरणाऱ्या विमानाला घाटकोपरवर थवा धडकला आणि तीसहून जास्त रोहित मेले.

मी हे बोलत होतो तेव्हा गाईड ताईंनी मला मध्येच तोडलं नाही, उलट बोटीवरच्या शाळकरी मुलांना माझ्याकडे वळवलं. हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी स्वतः सांगितलं त्यातलं काही टिपून ठेवलंय : अभयारण्य जाहीर झालं २०१५ मध्ये, क्षेत्र १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकी पाणी. मालवणनंतरचं राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव गेलं. त्याआधी महाराष्ट्रातून नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार होते. कांदळवनात कोल्हेही आहेत, हे ऐकून मंडळींनी पाय आत घेतले, बोटीत असूनही.

पिशव्या. कांदळाच्या मुळांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पूर्ण फेरीभर दिसतात, भरतीची रेषा जिथवर चढते तिथवर. फोटोत येऊ नयेत म्हणून लोक कॅमेरा वर धरतात. मी मुद्दाम त्यांचाही एक काढला.

वयस्कर मंडळींसाठी. आमच्या हिचे गुडघे दुखतात. बोटीत पाऊल टाकताना पाण्याची पातळी खालीवर असते, त्यामुळे एका हाताला आधार हवाच; दादांनी दिला. भरतीजवळच्या वेळेला बोट वर असते, चढणं सोपं, हा तिथी बघण्याचा आणखी एक फायदा. एकदा बसलं की त्रास नाही, खाडीला लाटा अशा नसतात. टोपी आणि पाणी घ्या. पाण्यावरून ऊन दुप्पट लागतं. भडक कपडे नकोत. बोटीत स्वच्छतागृह नाही, ते आधी उरकून घ्या, विशेषतः मुलांचं. लहान मुलांना पहिली वीस मिनिटं कंटाळा येईल. तेव्हासाठी शेंगदाण्याचा लाडू.

हंगाम : नोव्हेंबरात थोडे यायला लागतात, जानेवारीपासून भर, मे अखेरपर्यंत असतात. एप्रिल-मेमध्ये थवे मोठे आणि रंग गडद, पण ऊन असह्य, तेव्हा सकाळच्या भरतीची तिथी शोधा. फेब्रुवारीच्या शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. मधल्या वाराला जाता येत असेल तर जा, बोटीवर शाळेची सहल भेटू शकते, पण त्या मुलांनी फ्लॅटचे भाव तरी काढले नाहीत.

परतताना जेट्टीजवळ रिक्षा सहजी मिळत नाही. जाताना सोडणाऱ्याचाच नंबर घेऊन ठेवा आणि उतरल्यावर फोन करा, नाहीतर उन्हात मुख्य रस्त्यापर्यंत चालावं लागेल.